चोवीस वर्षं, पाच महिने

लाल रेघ जरा वाकडी होती. फिन्टन गिल्व्हरीला आधी दिसलं ते तेवढंच. अडतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत रेघा ओढण्यात घालवलेला माणूस. समोर काहीही ठेवा, त्याची नजर आधी रेघेवर जाणार. पट्टी न लावता मारली होती. डावीकडे जाड, उजवीकडे जाता जाता शाई संपत आलेली. मग त्याच्या ध्यानात आलं की ही रेघ कुणाच्या तरी नावावरून गेली आहे, आणि ते नाव अजून स्वच्छ वाचता येतंय. मायल्स. मुलगा. वय चोवीस वर्षं, पाच महिने. अविवाहित. आयरिश आणि इंग्रजी, दोन्ही बोलतो. काम : वडिलांच्या शेतावर. फिन्टननं चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, परत लावला. नाव तिथंच होतं. वाचनालयातल्या त्या कॉम्प्युटरपुढे उगाचच त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी काहीतरी करताना पकडलंय.

"सापडले का हो तुमचे?" मागून कन्सेप्टा क्विलिगन आली. शाळेतून निवृत्त झालेली ही बाई दर मंगळवारी डब्लिनमधल्या फिब्सबरोच्या वाचनालयात लोकांना त्यांचे पूर्वज शोधून द्यायला बसते. "एक सांगून ठेवते हं, मिस्टर गिल्व्हरी. इथं येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या घराण्यात राजा हवा असतो, आणि निघतो मेंढीचोर. तुमचं काय निघालं?"

"आजोबा," तो म्हणाला.

"मग झालं तर! चेहरा असा का केलात? चोर होता?"

"नाही. आकडा चुकलाय बहुतेक," फिन्टन म्हणाला. बाईनं वाकून बघितलं. तिला सवय होती. एका नजरेत सगळं कळलं. "चुकला नाही," ती म्हणाली. "खाली बघा ना, एकूण माणसं पाच लिहून त्यांचे चार केलेत. घरात नव्हता मुलगा. घरात नसलेल्याला लिहायचं नसतं. तुमच्या आजोबांनी लिहिला, पोलिसानं खोडला. असे पुष्कळ सापडतात मला." आणि ती पलीकडच्या टेबलावर एका म्हातारीला माऊस धरायला शिकवायला निघून गेली. पुष्कळ सापडतात म्हणे. फिन्टनला तिचा रागच आला.

एकोणीसशे सव्वीसच्या शिरगणतीचे कागद शंभर वर्षं बंद होते; दहा दिवसांपूर्वी ते खुले झाले आणि सगळा देश कामधंदे सोडून आपापल्या आजोबांच्या मागे लागला. फिन्टन लागणार नव्हता. शोधायचंय काय त्यात? मेयो परगण्यातलं लेत्राफिन गाव, दगडी घर, ऑस्टिन गिल्व्हरी, बायको ऑनर, मुलगी सबिना, धाकटा ल्यूक. ल्यूक म्हणजे फिन्टनचा बाप. सगळं पाठ होतं. पण बहीण अट्रॅक्टा रोज सकाळी फोन करून डोकं खायची. "माझे डोळे गेलेत रे, मला पडद्यावर दिसत नाही, तू जा. घरात बसून करतोस काय? चहा पितोस आणि खिडकीतून लोकांच्या गाड्या मोजतोस." तेही खोटं नव्हतं. आजही सकाळी तिचा फोन आला होता. शिरगणतीचं बोलणं झालं, गुडघ्यांचं झालं, आणि मग ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात, ती म्हणाली, "इमर वेलिंग्टनला चाललीय. न्यूझीलंडला. बारा मेला विमान आहे. नोकरी लागलीय तिथं, घर बघितलंय, सगळं झालंय. तुला सांगू नकोस असं काही ती म्हणाली नाही. सांग असंही म्हणाली नाही. फोन कर, फिन्टन." त्यानं "बघू" म्हटलं होतं. अट्रॅक्टा म्हणाली, "बघू कसलं? चार वर्षं बघतोच आहेस." आणि तिनं आधी फोन ठेवला. या घरात आधी फोन ठेवायचा मान आजवर त्याचा होता.

इमर त्याची मुलगी. एकुलती एक. राहायची रॉटरडॅमला. चार वर्षांत बापलेकीत एक शब्द झालेला नव्हता, आणि यात आपलं काही चुकलंय असं त्याला आज सकाळी साडेनऊपर्यंत वाटत नव्हतं. निदान तसं तो स्वतःला सांगत आला होता. गिल्व्हरींचं असंच असतं. हे तो बापाकडून शिकला, बाप त्याच्या बापाकडून. दर नाताळात जेवणं झाली, की ल्यूक गिल्व्हरी खुर्ची जरा मागे सरकवायचा आणि ती गोष्ट सांगायचा. इंग्रजांशी झालेल्या तहावरून देश दोन फाकांत फुटला होता, भाऊ भावावर बंदूक धरत होता, तेव्हा थोरला मायल्स जाऊन नव्या सरकारच्या सैन्यात भरती झाला. आणि ऑस्टिन होता विरुद्ध बाजूचा, जळता निखारा. त्यानं मुलाला अंगणातूनच परत पाठवलं. मायल्स अमेरिकेत क्लीव्हलँडला गेला, तिथं गोदीत राबला, तिथंच मेला. त्याची तीन पत्रं आली. तिन्ही ऑस्टिननं न उघडता चुलीत घातली. "आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत," ल्यूक बोट वर करून म्हणायचा, "माझ्या बापानं त्याचं नाव तोंडातून काढलं नाही. एकदासुद्धा!" हे तो अभिमानानं सांगायचा. आई टेबलावरची भांडी उचलायला लागायची. लहानग्या फिन्टनला त्या चुलीतली पत्रं डोळ्यांपुढे दिसायची आणि छाती भरून यायची. आपल्या रक्तात काहीतरी पोलादी आहे असं वाटायचं. शाळेत कुणी मारलं तर तो त्या मुलाशी वर्षभर बोलायचा नाही. लग्नानंतर डिम्फ्ना त्याला हसायची. "तुमच्यात काय, राग वाटणीला येतो का जमिनीसारखा?" तीच एक होती त्याच्याशी असं बोलणारी.

आणि आता हे. ऑस्टिनचंच अक्षर होतं. खाली त्याची सही होती, तेच वळण, तोच गिल्व्हरीतला लांब शेपटीचा जी. फिन्टन खुर्ची पुढे ओढून परत पहिल्या ओळीपासून वाचू लागला. ऑस्टिन, कुटुंबप्रमुख, त्रेपन्न वर्षं, एक महिना. ऑनर, पत्नी. तिसऱ्या ओळीत मायल्स. शेवटी कुठंतरी कोंबलेला नव्हे. थोरला म्हणून थोरल्याच्या जागी, सबिनाच्या वर, ल्यूकच्या वर. ल्यूक, अकरा वर्षं, दोन महिने. म्हणजे बापानं सही केली तेव्हा ल्यूक अकराचा होता, त्याच घरात, कदाचित त्याच टेबलाशी, आणि जन्मभर त्यानं पोरांना ती पत्रांची गोष्ट सांगितली. पोराला कागद दाखवतंय कोण! कागदावर वरच छापलं होतं, ठसठशीत : रविवारी रात्री या घरात जे झोपले असतील तेवढेच लिहावेत. ऑस्टिनला वाचता येत होतं. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज तो लिहून द्यायचा. मायल्स जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. विसरला असेल म्हणावं, तर पाच महिने कुठून आले? वर्षं कुणीही सांगेल. महिने मोजावे लागतात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, बोटांवर. फिन्टन त्या 'पाच'कडे बघत राहिला. ज्यानं नाव तोंडातून काढलं नाही तो माणूस महिने मोजत होता.

मग तो पोलीस आला असेल. तेव्हा घरोघरचे कागद गोळा करायला पोलीसच यायचा, आणि पोलीस म्हणजे नव्या सरकारचा, म्हणजे ज्यांच्याकडे मायल्स गेला त्यांचा. फिन्टनला ते नको असताना दिसायला लागलं. दारात टोपी काढून उभा असलेला पंचविशीतला पोलीस. तोही कुणाचा तरी मायल्स. तो कागद वाचतो, थांबतो. विचारायचं तर आहे. "मायल्स इथं असतो का, मिस्टर गिल्व्हरी?" सगळ्या गावाला ठाऊक होतं तो कुठं असतो. आणि ऑस्टिनला तोंडानं म्हणावं लागलं असेल, नाही. चुलीशी ऑनर, पाठमोरी. पोलिसानं मग खिशातून लाल शाईचं पेन काढलं असेल आणि पट्टी नव्हती म्हणून रेघ वाकडी गेली. का हात हलला? फिन्टनला आजोबा आठवत होते ते पाच वर्षांचा असतानाचे. दाराबाहेरच्या दगडावर बसलेले, तंबाखूच्या वासाचे, तोंड कायम रस्त्याकडे. गुरं बघतात म्हणायचे सगळे. बघतही असतील गुरं. आता कुणाला विचारणार?

"छापून देऊ?" कन्सेप्टाबाईनं विचारलं. तो हो म्हणाला. तिनं कागद दिला तेव्हा तिला काय वाटलं कोण जाणे, हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या आजीनं तर मेलेली मुलगी लिहिली होती. तीन वर्षांपूर्वी मेलेली. वय बरोबर वाढवून." फिन्टनला तिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. त्याला फक्त "आभार" म्हणता आलं, आणि तो टोपी विसरून बाहेर पडला.

कालव्याच्या काठानं घर वीस मिनिटांवर. ऊन पडलं होतं, बदकं होती, दोन पोरी हातात कॉफीचे पेले घेऊन धावत होत्या. त्याला ते सगळं दिसत होतं आणि कशाचंच काही वाटत नव्हतं. आतल्या खिशात घडी केलेला कागद छातीला टोचत होता. एप्रिलचाच महिना होता तेव्हाही. दोन हजार बावीस सालचा, पहिला रविवार. इमर शुक्रवारी आली होती, न कळवता, एक बॅग घेऊन. दारात उभी राहून म्हणाली, "आत घेतोस का?" त्यानं घेतलं. डिम्फ्ना जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती गेली त्या ऑक्टोबरात साथीमुळे सगळं बंद होतं, मातीला पंचवीसच माणसांची परवानगी, बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस कोंडून राहायचं. आणि इमर आली नव्हती. आईच्या मातीला मुलगी आली नव्हती. चर्चमधल्या कॅमेऱ्यावरून तिनं रॉटरडॅमला बसून सगळं बघितलं. त्या दिवसांत सगळेच तसं बघत होते, मेयोतली माणसंसुद्धा. पण फिन्टन पहिल्या बाकावर एकटा बसला होता, शेजारची जागा रिकामी, आणि तेव्हाच त्याच्या आत काहीतरी मिटलं. त्यानं ते मिटू दिलं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. दुःखापेक्षा राग हाताळायला सोपा. नकाशाची घडी घालावी तसं त्यानं सगळं त्या एका रेषेवर दुमडलं : आली नाही.

शुक्रवार, शनिवार दोघं जपून बोलले. तिनं आईच्या पद्धतीनं सोडा घालून पाव केला, जरा कच्चा राहिला, त्यानं तो न बोलता खाल्ला. टेबलावर शिरगणतीचा जाडजूड फॉर्म पडला होता. इमर तो चाळत होती. त्या वर्षी शेवटच्या पानावर एक रिकामी चौकट दिली होती : तुम्हाला जे लिहायचं असेल ते लिहा, शंभर वर्षांनी उघडलं जाईल. तिचे डोळे चमकले. "डॅडी, बघ ना! काय लिहायचं आपण? मम्मीबद्दल लिहू या का?" चाळिशीची बाई, पण आवाज दहा वर्षांच्या पोरीचा. तो म्हणाला, "सरकारी कागद आहे तो. चित्रकलेची वही नव्हे." तिचा हात तसाच राहिला, मग तिनं फॉर्म मिटून ठेवला. एवढीशी गोष्ट. चार वर्षांत दुसरं काही नाही तरी तो मिटलेला हात त्याला अधूनमधून दिसायचा, भांडी घासताना, बसची वाट बघताना. तो मान झटकायचा.

भांडण रविवारी दुपारी झालं. कशावरून? बटाट्यांवरून. ती म्हणाली, मम्मी यात लोणी जास्त घालायची, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मम्मीची एवढी आठवण होती तर यायचं होतं मातीला." मग काय, सगळंच बाहेर आलं. इमर म्हणाली, "मम्मीनंच मला फोनवर सांगितलं होतं, येऊ नकोस, चौदा दिवस हॉटेलात कोंडून घेऊन मेलेलं माणूस बघायला येऊ नकोस म्हणाली. तिचे शब्द आहेत हे, डॅडी." तो म्हणाला, "मेलेल्या माणसाच्या तोंडी काय वाटेल ते घालता येतं." हे वाक्य आत्ता कालव्याच्या पुलावर त्याला जसंच्या तसं ऐकू आलं आणि तो कठड्याला धरून उभा राहिला. कुठून सुचतात माणसाला अशी वाक्यं! इमर पांढरी पडली होती. ती म्हणाली, "सबंध तास मी तुझी पाठ बघत होते त्या कॅमेऱ्यावर. कोट खांद्यापाशी उसवला होता तुझा. मला हात घालता येत नव्हता पडद्यातून. तुला काय कळणार!" आणि ती वर तिच्या जुन्या खोलीत निघून गेली. कोट खरंच उसवला होता. ते त्याला आठवडाभरानं कळलं होतं. आणि तिनं सांगितलं तेव्हाही तो गप्प बसला.

संध्याकाळी एकट्यानं चहा पिऊन त्यानं फॉर्म पुढे ओढला. आज रात्री या घरात किती माणसं आहेत? सोपा प्रश्न. डोक्यावरच्या फळ्या करकरत होत्या, ती इकडून तिकडे फिरत होती, बॅग भरत असणार. जन्मात या माणसानं कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. नकाशावर झोपडी असेल तर झोपडी, पडकी असेल तर पडकी. साहेबानं सांगितलं तरी नसलेली वाट दाखवायची नाही, असलेली गाळायची नाही. वर फळी करकरली. आणि त्यानं लिहिलं, एक. स्वतःची सगळी पानं भरली, दुसऱ्या माणसाची पानं कोरी सोडली, मागे सही केली. लिहिताना ऑस्टिन आठवला होता. हो, आठवला होता. आजोबांनी पाठीवर हात ठेवावा तसं वाटलं होतं त्याला. आता त्याला त्याची इतकी लाज वाटली, की पुलावरून जाणाऱ्या बाईनं "बरं वाटत नाही का?" विचारलं तेव्हा तो तिच्यावर खेकसला. मग माफी मागितली. ती बाई केव्हाच पुढे गेली होती.

सोमवारी सकाळी ती खाली उतरली तेव्हा तो मुद्दाम परसात जाऊन बसला होता, खुरपं हातात घेऊन. वाफ्यात एक तण नव्हतं. बराच वेळ आत काही आवाज नव्हता. मग पुढचं दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं. तो आत आला. तिचा कप धुऊन पालथा घातला होता. टेबलावर फॉर्म होता तिथंच होता, शेजारी पेन, त्याचं टोपण काढलेलं. म्हणजे तिनं तो 'एक' बघितला हे त्याला कळलं. बरं झालं, बघू दे, असंही मनात आलं. त्यानं पेनाला टोपण लावलं, फॉर्म पाकिटात घातला, उघडला नाही. गुरुवारी मोजणीवाली पोरगी आली, तिनं दारातच पाकीट उघडून वरवर पानं उलटली आणि म्हणाली, "दोघं ना तुम्ही, मिस्टर गिल्व्हरी?" त्याचं डोकंच फिरलं. "बायको जाऊन दीड वर्ष झालं माझी!" तो म्हणाला. पोरगी लालेलाल झाली, "माफ करा हं, माफ करा," म्हणत फाटकातून पळालीच. कसली ही माणसं नेमतात, असं तो अट्रॅक्टाला म्हणाला होता. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं किटली चढवली आणि आजोबांचा कागद टेबलावर पसरला. मग एका जुन्या पाकिटाच्या मागे इमरचं वय लिहायला घेतलं. वर्षं लगेच आली. चव्वेचाळीस. महिन्यांपाशी अडलं. ऑगस्टची नऊ तारीख, तो विसरला नव्हता. त्या रात्री पाऊस होता आणि दवाखान्याच्या जिन्यात त्यानं टोपी चुरगाळून टाकली होती. ऑगस्ट ते एप्रिल. बोटं मोजली. सात. कागदावर लिहिलं : चव्वेचाळीस वर्षं, सात महिने. बघून त्याला जरा धीर आला. किटली शिट्टी मारत राहिली, त्यानं ती बंद केली नाही, आणि अट्रॅक्टानं केव्हातरी दटावून कॅलेंडरवर लिहायला लावलेला नंबर फिरवला.

"डॅडी?" पहिल्याच शब्दात धसका. "काय झालं? आत्या बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? बरी आहे."

"मग?"

मग काय, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. त्यानं लेत्राफिनपासून सुरुवात केली. ऑस्टिन, पोलीस, लाल रेघ, शाई कुठं संपत आली होती तेसुद्धा. इमरनं मध्ये एकदाच विचारलं, "मायल्स म्हणजे तो पत्रंवाला?" तो बोलत होता आणि स्वतःचा आवाज त्याला म्हाताऱ्याचा वाटत होता. "आणि नसलेला पोरगा लिहिला त्यानं," फिन्टन म्हणाला. "मी असलेली लिहिली नाही. त्या रविवारी तू वर होतीस. मला पावलं ऐकू येत होती. मी एक लिहिलं. चुकलं माझं, इमर. मातीचंही चुकलं. मम्मीनं तुला तसंच सांगितलं असणार. तिचाच आवाज होता तो, मला तेव्हाच ओळखू आला होता."

किटली ओरडत होती.

"ती किटली बंद कर आधी," इमर म्हणाली. त्यानं केली. परत फोन कानाला लावला तेव्हा ती म्हणाली, "एक लिहिलंस ते मी बघितलं होतं सकाळी. मी खोडलं ते. दोन केलं. दुसऱ्या माणसाच्या पानांवर माझं सगळं भरलं. नाव, जन्मतारीख, नातं : मुलगी. वीस मिनिटं लागली. तू परसातून येशील म्हणून हळूहळू लिहीत होते."

फिन्टन खुर्चीत बसला.

"मला वाटलं, तू देण्याआधी एकदा तपासशील," ती म्हणाली. "तू तर वाण्याची यादीसुद्धा दोनदा तपासतोस. मला वाटलं, बघेल आणि फोन करेल. विमानतळावर वाट बघितली. मग आठवडाभर बघितली. मग वाटलं, बघितलं असेल आणि परत खोडलं असेल. चार वर्षं मी तुला ते खोडताना बघतेय, डॅडी. पट्टी लावून."

त्याला फक्त एक शब्द म्हणायचा होता, नाही. त्यानं खोडलं नव्हतं. पण का खोडलं नव्हतं ते सांगितल्याशिवाय त्या 'नाही'ला काही अर्थ नव्हता, आणि आज तरी खोटं बोलायचं नव्हतं. "मी उघडलंच नाही," तो म्हणाला. "पाकिटात घातलं आणि देऊन टाकलं."

"उघडलंच नाहीस?"

"नाही."

ती हसली असं त्याला वाटलं. मग ते हसणं नव्हे हे कळलं. तिनं नाक पुसलं. "हे बरं की ते बरं, मला कळत नाही," ती म्हणाली. "खरंच कळत नाही." मग म्हणाली, "म्हणजे मी आहे अजून तिथं."

"आहेस. ती मोजणीवाली म्हणालीसुद्धा, दोघं ना. मी अंगावर गेलो तिच्या."

"जाणारच तू."

"आणि त्या चौकटीत?" त्यानं विचारलं. "शेवटच्या पानावर? लिहिलंस काही?"

"लिहिलंय." आवाजात जुनी इमर क्षणभर येऊन गेली. "ते तू एकवीसशे बावीसमध्ये बघ."

त्यानं ये म्हणावं म्हणून तोंड उघडलं. बारा तारखेला चौदा दिवस होते; कोंडून राहायचे तेवढेच. तिनं आधीच ओळखलं असावं. "सामान गेलंय जहाजानं," ती म्हणाली. "घर सोडलंय. मधे डब्लिनला येणं नाही जमणार, डॅडी. खरंच नाही. तिथं पोचले की फोन करेन. करेन." शेवटचं 'करेन' ती स्वतःलाच म्हणाली. तो पत्र पाठव म्हणाला. पत्र कोण पाठवतं आता, ती म्हणाली. तो म्हणाला, पाठव तरी. मी उघडेन.

ठेवायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं पाकिटाच्या मागचं वाचून दाखवलं. "चव्वेचाळीस वर्षं, सात महिने. आज मोजलं मी."

"आठ, डॅडी," इमर हळूच म्हणाली. "आठ झाले."

फोन आधी तिनं ठेवला. फिन्टननं परत बोटं मोजली, सावकाश, ओठ हलवत. आठच होत होते. मग त्यानं पट्टी शोधायला खणात हात घातला, ती सापडेना, म्हणून तसाच सातावर आडवी रेघ मारून शेजारी आठ लिहिलं.